इजारीचा गोटा

आमच्या गावात शिरायचं असेल तर पुरुषाला आधी पॅन्ट काढावी लागते.

घाबरू नका, सगळ्या पुरुषांना नाही. दूधवाला, पोस्टमन, मतं मागायला येणारे उमेदवार, सगळे आपापल्या कपड्यांत सुखरूप येतात-जातात. हा नियम फक्त नवरदेवाला. गावातली मुलगी करून न्यायची असेल तर त्याने शिवेवर गाडीतून उतरायचं, अंगावरची पॅन्ट उतरवायची, गावाने शिवलेली इजार चढवायची आणि मग मांडवाकडे पाऊल टाकायचं. मी हे बाहेर कुठे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात. तो बिचारा मान खाली घालतो. त्यानेही घातली होती. त्याला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून पॅन्टीवरूनच घातली होती आणि वैशाखातल्या दुपारी दोन-दोन कपड्यांत घामाघूम होऊन मंगलाष्टकं ऐकली होती. आमचा संसार तेव्हापासून जरा जास्तच उबदार आहे.

तर या सगळ्याचं मूळ एक गोटा. वऱ्हाडात दगडाला गोटा म्हणतात. रोहिणखेडच्या बाजूला मोठ्या रस्त्यावरून आमच्या गावाचा फाटा फुटतो, पुढे नाला लागतो, आणि नाल्याच्या अलीकडे निंबाखाली हा उभा आहे. काळा, कमरेएवढा उंच, चारी अंगांनी घडवलेला आणि डोक्यावर जरासा गोल. इंग्रजांच्या अमदानीत जमिनी आखून दिल्या गेल्या तेव्हाचा शिवेचा दगड. त्याच्या नाल्याकडच्या अंगावर इंग्रजी अक्षरं आणि बाणासारखी एक खूण होती. नाल्यातून वर येणाऱ्या म्हशी नेमक्या त्याच अंगावर पाठ घासत आल्या आहेत, त्यामुळे इंग्रजांचं म्हणणं काय होतं हे आता म्हशींनाच ठाऊक. रस्त्याकडच्या अंगावर मात्र बाळबोध अक्षरांत, खोल आणि ठसठशीत, एकच शब्द आहे: इजार.

इजार म्हणजे नाडीचा पायजमा. शब्द आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरला आहे, पण आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो.

सरकारी दगडावर पायजम्याचं नाव कशाला कोरतील, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. आम्हाला कधी पडला नाही, कारण आमच्याकडे उत्तर तयार होतं. एक गोरा साहेब शीव आखायला घोड्यावरून आला. नाल्याच्या गाळात घोडा फसला, साहेब कमरेपर्यंत भिजला. त्याने आपली इजार काढून या गोट्यावर वाळत घातली आणि निंबामागे बसून राहिला. तेवढ्यात गावातली एक शेळी आली आणि साहेबाची इजार खाऊन गेली. आता साहेब गावात येईना आणि गाव सोडून जाईना. शेवटी गावच्या बायांनी जाडंभरडं कापड आणून हाताने टाके घालून त्याला एक इजार शिवून दिली. ती घालून साहेब उठला, तेव्हा गावकऱ्यांनी हात जोडून विचारलं, साहेब, नाला कोणाच्या शिवेत? साहेबाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. गावाची इजार घातलेला माणूस गावाला नाही कसं म्हणणार? नाला आमच्या शिवेत आला.

मी ही गोष्ट लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की ती शेळी मला आमच्याच गोठ्यातली वाटायची. शेळीचा रंग सांगणाऱ्यागणिक बदलायचा. साहेब कुठे आणि कधी बसला यावर भांडणं व्हायची. पण शेवटचं वाक्य कोणी बदलत नसे. गावाची इजार घातलेला माणूस गावाला नाही म्हणत नाही.

आणि म्हणून जावई. सीमांतपूजन आता सगळीकडे मंगल कार्यालयाच्या दारात गालिच्यावर उरकतात. तिथे सीमा कुठे आणि अंत कुठे, कोणाला पत्ता नसतो. आमच्याकडे ते खरोखर शिवेवर होतं. आदल्या दिवशी गोट्याला चुना फासतात, अक्षरांत गेरू भरतात. वऱ्हाड आलं की नवरदेवाचे पाय धुतात, कुंकू लावतात, ताटात इजार ठेवून पुढे करतात. आमची माणसं धोतराचा आडोसा धरतात. आत जो जातो तो कोणाचा तरी मुलगा असतो. बाहेर येतो तो आमच्या गावाचा जवाईबापू. मांडवात पोचल्यावर हवा तो सूट चढवावा, आमची हरकत नाही.

गंमत म्हणून हे चालत असतं तर केव्हाच बंद पडलं असतं. पण इजारीचा धाक होता. मी शाळेत असतानाची गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी चिखलीला दिलेली. नवऱ्याचं बी-बियाण्याचं दुकान. त्याने तिचं माहेर तोडलं. ना सणाला पाठवी, ना कोणी गेलं तर भेटू देई. तेव्हा गावची चार मोठी माणसं जीपमध्ये बसून बाजाराच्या दिवशी चिखलीला गेली. आमचे आबा त्यांत होते आणि हा प्रसंग ते आयुष्यभर उभं राहून, हातवारे करून सांगत आले. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. आबा पायरीवर उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "जवाईबापू, आमची इजार द्या वापस."

"कोणती इजार?"

"शिवेवर घातलती ते."

"आबा, बसा ना. चहा सांगतो."

"चहा नाई पाहिजे. इजार पाहिजे."

"आता इथं कुठून देऊ, आबा?"

"मंग आमी उभे राह्यतो. घाई नाई."

आणि उभे राहिले. येणारं गिऱ्हाईक विचारी, काय झालं? आबा सांगत, यांच्यापाशी आमची इजार हाय, देऊन नाही राह्यले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला खात्री पटली की या दुकानदाराने कोण्या म्हाताऱ्याची इजार पळवली आहे. तो मधल्या वेळात मागच्या दाराने जाऊन एक नवी इजार विकत घेऊन आला. आबांनी ती उलटसुलट पाहिली, शिवण तपासली, आणि परत केली. "ही आमची नाई." त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन स्वतः गावात आला, मुक्कामाला राहिला, आणि पुढे दर सणाला येत राहिला.

पण इजारीची दुसरीही बाजू होती, आणि ती माझ्या ताईच्या वाट्याला आली.

ताई म्हणजे माझी सगळ्यांत मोठी चुलत बहीण. तिचा नवरदेव कचेरीत कारकून होता, बाहेरगावचा, शिकलेला. शिवेवर त्याने ताटातल्या इजारीकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला, मी पॅन्ट शिवून घेतलीय नवीन, हे कशाला? त्याचे वडील रागावले. मुहूर्त टळत होता. आमच्या मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, जाऊ द्या. ताई गेली. तिथे तिचं काय झालं ते मी इथे उगाळत नाही; हाताला डाग घेऊन परत आली, एवढं पुरे. तेव्हा गावात बैठक बसली. जायला पाहिजे, असं सगळे म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं, कोणत्या तोंडाने जायचं? त्याने आपली इजार कुठे घातली होती? बैठक उठली. कोणी गेलं नाही.

ताईने पुढे शिलाई मशीन घेतलं. समोरच्या खोलीत बसून ती गावाचे ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि गावातल्या प्रत्येक नवरदेवाची इजार तीच शिवते. एकदा मी तिला विचारलं होतं, ताई, तुझ्या हाताला हेच काम कसं आलं वं? ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "इजार नव्हती हे खरं. पण तिथं यायले पाय तं होते ना गावाले." मी उठून पाणी प्यायला गेले. मला तहान नव्हती.

हे सगळं कानावर पडतच माझी भाची मोठी झाली. भाची म्हणजे माझ्या दादाची मुलगी. औषधनिर्माण शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथेच एक मुलगा तिने पसंत केला. मुलगा चांगला. घरचे मूळचे बुलढाण्याचे. तिने त्याला इजारीचं आधीच सांगितलं होतं. त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तुम्हीच सांगा, कोणाला वाटणार नाही?

लग्न ठरलं तसा दादाला घाम फुटला. पुण्याहून मुलाचे मित्र येणार, त्यांच्या हातात मोबाइल, आणि त्यांच्यासमोर जावयाला पायजमा बदलायला लावायचा! तो भाचीला म्हणाला, "बेटा, आपण इजार ताटात ठेवू, तो हात लावेल, झालं."

"हात लावून कोणी इजार घालते काय, बाबा?"

"लोक हासतीन वं."

"हासू द्या. ताईआत्याच्या वेळी बी तुमी सगळे हेच म्हणले होते ना, जाऊ द्या?"

दादा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, शिवेवर त्याला कोणी विचारलंही नसेल.

"त्यानं इजार घातली तं मी बोहल्यावर येते," भाची म्हणाली. "नाही तं तुमचं जेवण तुमी जेवा."

लग्न माघातलं, गोरज मुहूर्त. दुपार कलली तशी आम्ही सगळे गोट्यापाशी जाऊन उभे राहिलो. ताईच्या हातात ताट, ताटात पांढरीशुभ्र इजार. भाची घरी, माडीवर, शालू नेसून, फोन हातात धरून. मला तिने वार्ताहर नेमलं होतं. घातली की लगेच सांगायचं.

वऱ्हाड आलं. नवरदेव उतरला तो शेरवानीत, आणि शेरवानीखाली चुडीदार. पॅन्ट काढणं सोपं. चुडीदार पायातून उपसायला दोन माणसं लागतात आणि तिसऱ्याने नवरदेवाला धरावं लागतं. मित्रांनी मोबाइल वर केले. बॅण्डवाल्यांनी वाजवायचं थांबवून पुढे येऊन जागा धरली. नवरदेवाने ताटाकडे पाहिलं, मग गोट्याकडे, मग रस्त्यावरच्या एवढ्या तोंडांकडे. त्याचा चेहरा असा झाला, जसा शाळेत गणवेश विसरलेल्या मुलाचा होतो.

"म्हणजे खरंच?" तो हळूच म्हणाला.

"खरंच," दादा म्हणाला, आणि स्वतःच शरमला.

एवढ्यात मुलाचे काका गाडीतून उतरले. छोटीशी मूर्ती, जाड चष्मा. जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी ना ताट पाहिलं, ना आम्हाला नमस्कार केला. ते सरळ गोट्याकडे गेले. त्याच्याभोवती एक फेरी मारली. म्हशींच्या बाजूला उकिडवे बसले. पुढे येऊन पुन्हा उकिडवे बसले. आम्हाला वाटलं, पाया पडताहेत. आमच्यातल्या दोघींनी भक्तिभावाने पदर डोक्यावर घेतला. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि ताजा चुना खरवडायला सुरुवात केली.

"अहो, अहो, कालच लावला!" दादा ओरडला.

"पाणी आणा जरा," काका म्हणाले. पाय धुवायचा तांब्या त्यांनी स्वतःच उचलला, गोट्यावर ओतला, रुमालाने पुसलं, चष्मा वर करून नाक टेकेपर्यंत पुढे झाले. मग सावकाश उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगते, आनंदाचं होतं.

"हा बघा. हा कपचा उडालाय 'र'च्या पुढे. गाडीचा कणा लागला असेल कधीतरी. आणि कपच्याच्या खाली हे टोक राहिलंय, दिसतंय? हा काना आहे! इजार नाही हो. इजारा! इजारा!"

"म्हणजे?" दादा.

"ओसाड पडलेली जमीन कराराने एखाद्याला द्यायची, तो इजारा. तुमचं गाव इजाऱ्याने दिलेलं होतं, त्याच्या हद्दीचा हा दगड. अहो, आयुष्यभर कागदावर वाचला हा शब्द. दगडावर आज पाहिला!"

त्यांचा आनंद निखळ होता, हे मी आधी सांगून ठेवते. लग्नाला आलेल्या माणसाला वाटेत आपल्या धंद्यातलं दैवत भेटावं, तसं त्यांना झालं होतं. पण इकडे आमचं काय झालं? क्षणात शेळी मेली. साहेब मेला. गाळात फसलेला घोडा, हाताने टाके घालणाऱ्या बाया, नाल्याचा निवाडा, सगळं निंबाखालून उठून चालू लागलं. गावकरी गोट्याकडे असे बघत होते जणू तो इतकी वर्षं आम्हाला फसवत होता.

"म्हणजे स्पेलिंग मिस्टेक!" एक मित्र म्हणाला, आणि मित्रांची टोळी खदखदून हसली. आमचीही काही पोरं हसली, ते मला जास्त लागलं.

नवरदेव हसला नाही. पण दार शोधणाऱ्या माणसाला फट दिसावी तसा त्याचा चेहरा उजळला. "काका, मग... नाही घातली तरी चालेल ना? म्हणजे, मुळात तसं काही नाहीच ना?"

माझा फोन वाजला.

"आत्या, घातली का?"

"थांब जरा."

"घातली का नाई तेवढं सांग."

"थोडा अभ्यास चालू हाय."

"कायचा अभ्यास?"

"व्याकरणाचा."

मग भाची म्हणाली, "आत्या, मी शालू सोडून राह्यली. घडी घालून ठेवते मी. त्याले सांग, मी घरच्या गाऊनवर बसली हाय, आन् पुरणपोळी खाऊन राह्यली." मी फोन जरा दूर धरला होता, त्यामुळे नवरदेवानेही ऐकलं. त्याचा उजळलेला चेहरा पुन्हा विझला. त्याला ती ठाऊक होती.

दादा माझ्याकडे बघत होता, मी दादाकडे. सूर्य नाल्याच्या दिशेने उतरत होता. गोरज मुहूर्ताला गाई थांबत नाहीत.

तेव्हा ताई बोलली. तिने ताट खाली ठेवलं नाही. काकांकडे वळून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भाऊ, एक इचारू काय? हा इजारा म्हंजे नेमकं कसं असते?"

काकांना कोणी विचारलं यानेच ते फुलले. "सांगतो ना, ताई! ओसाड जमीन ठरावीक मुदतीसाठी एखाद्याच्या हवाली करायची. त्याने झाडोरा काढायचा, विहीर खणायची, पिकं घ्यायची, सरकारात सारा भरायचा."

"आन् पीक कोनाचं?"

"इजारा घेणाऱ्याचं."

"जमिनीले इचारत होते काय, तुले कोनापाशी जायाचं म्हून?"

काका हसले. "जमिनीला कोण विचारणार, ताई?"

"आन् त्यानं जमिनीचे हाल केले तं? जमिनीनं कोनाले सांगाचं?"

काकांनी हातातली किल्ली खिशात टाकली.

"मंग भाऊ," ताई म्हणाली, "तुमचा काना तुमच्यापाशीच राहू द्या. काना लावून वाचलं तं आमची पोरगी इजाऱ्यानं जाते. काना न लावता वाचलं तं जवाई इजार घालते. आमाले काना नाई परवडत."

बॅण्डमधला ढोलवाला पहिला हसला. त्याने ढोलावर एक टिपरी मारली, आणि मग गावच्या बाया अशा हसल्या की निंबावरचे बगळे उडाले. मीही हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते. माझं नेहमी दोन्ही एकदम होतं.

काका मात्र हसले नाहीत. ते गोट्याकडे वळले, पुन्हा चष्मा वर केला, पुन्हा वाकून पाहिलं, आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "पाहणी करणाऱ्याने जागेवर जे दिसतं तेच लिहायचं. काय असावं, काय असेल, हे लिहायचं नाही. नियमच आहे तसा." मग पुतण्याकडे बघून, "मला दिसतंय ते असं: इजार. बाळा, जागेवर इजार आहे."

खरवडलेल्या जागी त्यांनी स्वतःच बोटाने चुना पुन्हा सारवला.

सगळ्यांचे डोळे नवरदेवाकडे लागले. तो पुढे आला. मला वाटलं, आता पटकन घालेल आणि मोकळा होईल. पण त्याने ताटाला हात लावला नाही. ताईला विचारलं, "घातली, तर मला पुढे काय करावं लागेल?"

हा प्रश्न आजवर कोण्या नवरदेवाने विचारला नव्हता. माझ्या नवऱ्याने तर नाहीच. तो अजून पॅन्टीचाच हिशोब लावत होता.

ताई म्हणाली, "काही नाई. आमी कधी आलो, तं दार उघडा लागते."

"एवढंच?"

"एवढं लय असते, बाबू."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या हातावरचे डाग त्याला दिसले की नाही, मला ठाऊक नाही. त्याने मित्रांकडे वळून म्हटलं, "फोन खिशात टाका रे." आणि ताटातली इजार उचलून गोट्यामागे गेला.

आमच्या माणसांनी धोतर धरलं. आत चुडीदाराशी झटापट सुरू झाली. एक पाय निघाला, दुसरा अडकला. धोतरावरून नुसतं मुंडावळ्या बांधलेलं डोकं दिसत होतं, आणि ते डोकं एकदा डावीकडे कलंडायचं, एकदा उजवीकडे. "धरा हो, धरा, पडते तो!" असा आमच्या बायांचा सल्ला चालू होता. जरा वेळाने आतून बारीक आवाज आला.

"काका, ही नाडी बांधायची कशी?"

चेन आणि बटणांच्या पिढीचा मुलगा, चुडीदारालाही इलॅस्टिक. काका धोतराखालून वाकून आत शिरले. आतून त्यांचं शिकवणं ऐकू येऊ लागलं: असा फेरा, अशी ओढ, नाही, तो सुटेल, हे बघ. मोजणीची साखळी ताणताना लावत असतील तोच सूर. धोतर खाली आलं. नवरदेव बाहेर आला. वर सोनेरी शेरवानी, खाली पांढरी इजार.

आणि इजार आखूड. घोट्याच्या चांगली वर. ताईने भाचीने पाठवलेल्या फोटोवरून अंदाज बांधला होता, आणि फोटोत तो बसलेला होता.

मित्रांनी हसू दाबलं. दादाने डोळे मिटले. ताईने ताट माझ्या हातात दिलं, आणि ती रस्त्याच्या मातीत नवरदेवाच्या पायाशी बसली. इजारीच्या खालच्या काठाला तिने भरपूर कापड आत दुमडून ठेवलं होतं. तिने तो काठ उलटवला, दाताने दोरा तोडला, आणि टाका टाका उसवायला लागली.

"हालू नका, जवाईबापू."

"नाही हालत."

तो गोट्यावर हात टेकून उभा राहिला. बॅण्ड उभा, वऱ्हाड उभं, काका नाडीच्या गाठीकडे लक्ष ठेवून उभे. एक पाय झाला, ताई दुसऱ्याकडे सरकली. कापड घोट्यापर्यंत उतरलं. तिने तळहाताने ते खाली ओढून सारखं केलं. माझा फोन पुन्हा वाजत होता. माझ्या हातात ताट होतं, म्हणून मी फोन कसाबसा काढून ताईच्या कानाशी धरला.

"आत्या, काय चालू हाय? घातली का नाई?"

ताईच्या दातांत दोरा होता. तिने तो थुंकला.

"घातली वं," ती म्हणाली. "नेस शालू."